चुकीचे नकाशे काढणारे सर

"खोडा तो ठिपका. माझ्यादेखत खोडा. रबर नसेल तर थुंकी लावून खोडा, पण खोडा."

सर ओरडत होते. सरांचं ओरडणं ज्यांनी ऐकलं नाही त्यांना ते सांगून कळायचं नाही. नाशिकच्या सीबीएस स्टँडला उभं राहून त्यांनी कुणाला हाक मारली तर त्र्यंबक नाक्यावरचा रिक्षावाला ब्रेक दाबायचा, आणि हे मी कमी करूनच सांगतोय. त्या दिवशी पाणीयोजनेच्या ऑफिसात जेवणाची सुट्टी चालू होती. डबे उघडून बसलेल्या माणसांचे घास हातातल्या हातात राहिले. भिंतीवरची पालसुद्धा निम्म्या वाटेत थांबून ऐकायला लागली.

समोर खुर्चीत एक तरुण शाखा अभियंता. त्याच्या संगणकावर हरसूलकडच्या डोंगरांचा नकाशा, आणि नकाशात एक निळा ठिपका. सरांना तो ठिपका काढून हवा होता.

"सर, बसा ना. चहा सांगतो."

"चहा नको. ठिपका."

"सर, माझ्याकडे लोक येतात ते आमची विहीर नकाशात घ्या म्हणून. आमची काढून टाका म्हणून आलेले तुम्ही पहिले. काढायचं बटण कुठं असतं ते मला खरंच माहीत नाही."

"मग शोध."

"बटणच नाहीये, सर. चढवायचं आहे. उतरवायचं नाही." मग तो जरा खाली वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "आणि सर, तुम्ही ओळखलं नाहीत मला. मी तुमच्याच कोर्सचा. मागच्या बाकावर बसायचो. तुम्हीच शिकवलंत आम्हाला, कागदावर नाही त्याला तहान नाही."

सरांचा आवाज बसला तो तिथं.

तो ठिपका म्हणजे हरसूलच्या वरच्या अंगाला असलेल्या एका पाड्याचा उन्हाळी झिरा. पाड्यावरच्या बायकांकडे विहीर आटल्यावर पावसाळ्यापर्यंत तेवढं एकच पाणी. तो ठिपका नकाशात टाकणारा मी. हे आधीच सांगून मोकळा होतो, कारण पुढं मी बऱ्याच थापा मारणार आहे आणि तेवढी एक गोष्ट त्यांच्यात हरवायला नको.

आमचं प्रशिक्षण केंद्र पेठ रोडला, द्राक्षावर फवारायच्या औषधांच्या दुकानाच्या वर. खालून गंधकाचा वास यायचा आणि वरून सरांचा आवाज. दोन्हींनी कीड मरत असावी. कोर्सचं नाव 'तरुण संशोधकांसाठी सर्वसमावेशक जलसंपत्ती व्यवस्थापन'. हे नाव इतकं लांब होतं की प्रमाणपत्रावर ते छापल्यावर आमची नावं लिहायला मुंगीचा हात लागला असता. आम्ही नऊजण. कुणी एम.एस्सी., कुणी इंजिनिअर, एकाची पीएच.डी. अर्धी झालेली आणि तिच्या ओझ्यानं तो स्वतः पाऊण झालेला. पाणी म्हणजे प्रश्नपत्रिकेत येणारी वस्तू, अशी आम्हा सगळ्यांची प्रामाणिक समजूत.

सर शेवग्याच्या शेंगेसारखे. उंच, हिरवट, गाठी दिसणारे. चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला. खाकी पॅन्टीला सात खिसे. एकात रांगोळी, एकात राख, एकात खडे, एकात चिंचोके, आणि बाकीच्यांत काय होतं ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. एकदा पेठच्या एसटीत रांगोळीचा खिसा फाटला आणि बसच्या मागं मैलभर पांढरी रेघ उमटली. मागून येणारे दोन मोटारसायकलवाले तिला रस्त्याची नवीन आखणी समजून तिच्या डावीकडून चालवत आले, असं सर सांगायचे. मी त्या बसमध्ये होतो. मोटारसायकलवाला एकच होता.

आम्हाला ते 'विद्वान' म्हणायचे. "या, विद्वान." "बसा, विद्वान." शिवी इतकी आदरानं दिलेली मी दुसऱ्या कुणाकडून ऐकली नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी केंद्रातले सगळे नळ बंद केले. तळमजल्याच्या टाकीतून तिसऱ्या मजल्यावर, स्वतःच्या डोक्यावरून, हंडा. मुलगे, मुली, अर्धी पीएच.डी., सगळ्यांनी. पल्लवी म्हणून दिंडोरीची एक मुलगी होती, द्राक्षबागाईतदाराची. ती म्हणाली, "सर, आमचं शेततळं एवढं मोठं आहे की त्यात होडी चालते. मी आयुष्यात हंडा उचललेला नाही."

"मग होडीतून आण," सर म्हणाले.

तिनं दुसऱ्या जिन्यावर हंडा पालथा केला. पाणी पायऱ्यांवरून खाली गेलं, औषधांच्या दुकानात शिरलं, आणि दुकानदार वर येऊन सरांच्या अंगावर धावला. सरांनी त्यालाच वर्गात बसवून घेतलं आणि आम्हाला म्हणाले, "लिहा. पहिला धडा. वरचा सांडतो आणि खालचा भोगतो." दुकानदारही लिहायला लागला होता, मग त्याला आठवलं की आपण भांडायला आलोय.

सर मूळचे नांदगावचे. तिकडच्या पाण्याच्या गोष्टी ते सांगायचे तेव्हा आम्ही थापाड्या माणसाकडे बघावं तसं बघायचो. मी या धंद्यात जरा अनुभवी, त्यामुळे मला थाप कुठं सुरू होते ते कळतं. सरांच्या बाबतीत कळायचं नाही. लहानपणी त्यांना घमेल्यात बसवून आंघोळ घालायचे. ते पाणी मग धुण्याला. धुण्याचं म्हशीला. म्हैस प्यायची आणि वर बघून तोंड वाकडं करायची, की आज साबण जास्त झाला.

मिसळीचा किस्सा तर साऱ्या बॅचना पाठ आहे. सर आम्हाला मिसळ खायला न्यायचे. नऊजण एका रांगेत बसायचे आणि रश्श्याचा एकच जग पहिल्याच्या हातात. ज्याला हवा तेवढा घ्या आणि पुढं सरकवा. पहिले चौघं पोहायला उतरल्यासारखे ओतून घ्यायचे. नवव्याच्या ताटात कोरडं फरसाण. सर त्याच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्या हॉटेलला सांगायचे, "हा बघा टेलचा, कालव्याच्या शेवटाचा शेतकरी. कालवा याच्यापर्यंतही काढलेला आहे. कागदावर हा ओलिताखाली आहे."

हॉटेलवाला हात जोडायचा. "सर, रस्सा कितीही घ्या हो. मागाल तेवढा आहे. कशाला पोराला उपाशी ठेवता."

"तुझ्याकडे आहे रे," सर म्हणायचे. "धरणात नाही."

नववा नेहमी मी असायचो. उगाच सांगत नाही. त्या रांगेत मला सर स्वतः बसवायचे. म्हणायचे, तू जास्त बोलतोस, तुझं तोंड कोरडं राहिलेलं बरं.

गावात गेलं की पहिलं काम दोर. दोन झाडांना दोर बांधायचा. आत बायका, बाहेर पुरुष. पहिला तासभर बाहेरच्या कुणी तोंड उघडायचं नाही. सरपंच, ग्रामसेवक, पोलीसपाटील, सगळे दोराच्या बाहेर, हात मागं. एका गावच्या सरपंचांनी विचारलं होतं, "सर, आम्ही काय बैल आहोत का बांधून ठेवायला?"

"बैल बरे," सर म्हणाले. "बैल मध्ये बोलत नाहीत."

हा माणूस मार न खाता पासष्टीला पोचला हे मला अजून कोडं आहे.

पण दोर ही गंमत होती. खरी कला पुढची. आत बसलेल्या बायका बोलतील कशाला? पिढ्यान् पिढ्या कुणी विचारलं नाही, आणि आज शेवग्याची शेंग येऊन विचारतेय. तोंडात पदर धरून बसायच्या. मग सर खिशातून रांगोळी काढायचे, खाली बसायचे, आणि त्यांच्या गावाचा नकाशा जमिनीवर काढायला लागायचे. चुकीचा. मुद्दाम, मन लावून चुकीचा. मारुतीचं देऊळ नदीच्या मधोमध. सरपंचांचा वाडा स्मशानात. ओढा डोंगर चढून वर निघालेला. पाच मिनिटं सगळं चिडीचूप. मग कुणीतरी खुदकन हसायचं. मग एकीला ते बघवायचं नाही, ती पुढं यायची, पायानं ओढा पुसायची आणि बरोबर काढायची. मग दुसरी. तासाभरात सर बाजूला आणि चाळीस बायका नकाशावर.

"विद्वान, लिहा," सर म्हणायचे. "विचारलं की लोक साहेबाला आवडेल ते सांगतात. चुकलं की खरं सांगतात."

हे आम्ही वहीत लिहून घेतलं. मी तर खाली दोनदा रेघ मारली.

त्या पाड्यावर आम्ही गेलो तेव्हा होळी होऊन गेली होती. मोहाची फुलं पडत होती. दोन मोहांनाच सरांनी दोर बांधला. पाड्यावर घरं थोडी. बायका सगळ्या आल्या. बाहेर त्यांचे पुरुष, आणि खालच्या रस्त्यावरच्या मोठ्या गावाचे सरपंच, कारण पाडा त्याच ग्रामपंचायतीत. बायकांत सगळ्यांत पुढं एक म्हातारी. पाड्यावर तिला सगळे आजी म्हणत, तिच्या वयाचे म्हातारेसुद्धा. तिकडं साहेबाला, देवाला आणि बकरीला एकच तू, त्यामुळे ती सरांना पहिल्याच वाक्यात म्हणाली, "तू लय वाळलाहेस. जेवत नाय का?"

सर खूश. त्यांनी नकाशा काढायला घेतला. देवाचं झाड उलट्या बाजूला, घरं नाल्यात. बायका हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. एकेक येऊन नीट करत गेली. विहीर आली, रानाची वाट आली, कुणाची बकरी कुठं चरते तेसुद्धा आलं.

मग सर म्हणाले, "विहीर तर आत्ताच तळाला लागलीय. ती आटली की पाणी कुठून आणता?"

हसणं असं थांबलं की मोहाचं फूल पडल्याचा आवाज आला. यात थाप नाही.

मग सरांनी राखेचा खिसा उघडला आणि पाड्यापासून खालच्या गावापर्यंत एक जाड रेघ ओढली. "कळलं. तुम्ही खालच्या गावात जाता. त्यांच्या दारात उभ्या राहता, आणि पाणी वाढा हो म्हणता."

दोराच्या बाहेरून सरपंच हसले. "बरोबर काढलंय सर. येतात की."

तेवढ्यात आजी उठली. तिनं पायानं ती रेघ पुसली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, अंगण सारवावं तशी. म्हणाली, "आम्ही कोणाच्या दारात जात नाय."

"मग कुठं जाता? आभाळात?"

आजी सरांकडे बघत राहिली. मागून एका तरण्या बाईनं हळूच "आजी" म्हटलं. फक्त तेवढंच. पण आजी वाकली होती. तिनं उजव्या हाताचं बोट आत मुडपलं आणि बोटाचं पेर नकाशावर टेकवलं, नाल्याच्या वरच्या अंगाला.

"हितं. उंबराखाली झिरा हाय. आमचं भागतं."

सरांनी डोळे पुसले. आमच्यासमोर, खिशातल्या राखेच्याच हातानं, त्यामुळे दोन्ही गालांवर काळे पट्टे. परतताना जीपमध्ये ते म्हणाले, इतक्या वर्षांत इतकं खरं मला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बायकांनी तो झिरा आम्हाला दाखवला. उंबराच्या मुळाशी एक फरशीसारखा दगड, त्यावर करवंदीच्या फांद्या. दगड बाजूला केला की खाली परातीएवढा खळगा, आणि त्यात खडकातून डोळ्याला दिसणार नाही असं येणारं पाणी. करवंटीनं घ्यायचं. करवंटीभर घेतलं की थांबायचं, परत भरेपर्यंत. पहिला हंडा ज्या घरात बाळंतीण असेल त्या घरी. मग घरागणिक एकेक. सगळ्यांचा पहिला झाल्याशिवाय कुणाचा दुसरा नाही. बाहेरच्याला दाखवायचा नाही, जावयालासुद्धा नाही.

"विद्वान," सर म्हणाले, "तुम्ही सर्वसमावेशक हा शब्द शिकायला नाशिकला आलात. इथं त्याला करवंटी म्हणतात."

आम्ही तेही लिहून घेतलं. पल्लवी मात्र लिहीत नव्हती. ती त्या तरण्या बाईला विचारत होती की आजीनं काल बोट मुडपून का दाखवलं. बाई म्हणाली, "भोपळ्याच्या कळीला बोट दावतात का? दावलं की झडती ना. तसंच."

पल्लवीनं मला येऊन सांगितलं. "अहवालात टाकायचा का रे हा झिरा? त्यांना दाखवायचा नव्हता बहुतेक."

मी हसलो. मला आमच्या बॅचमध्ये सगळ्यांत चांगला अहवाल लिहायचा होता. मी तळटीप लिहिली, 'स्रोताकडे बोट दाखवू नये अशी स्थानिक समजूत आढळते.' आणि मोबाईल काढून उंबराखाली उभा राहिलो आणि अक्षांश-रेखांश घेतले. म्हणजे मी बोट दाखवलं ते आभाळातून.

निघताना आजीनं सरांना विचारलं, "हे कागदावर जाईल का?"

सर कधी खोटं बोलत नसत. चुकीचं काढायचे तेवढंच. ते म्हणाले, "जाणार, आजी. कागदावर गेलं की तुमचं झालं. उद्या कोणी म्हणालं हे पाणी तुमचं नाही, तर कागद दाखवायचा."

"कोणाला?"

सर मोठ्यानं हसले. केवढा छान प्रश्न, असं आम्हाला म्हणाले. आजीला उत्तर द्यायचं राहिलं.

आमच्या केंद्रातून किती अहवाल बाहेर पडले असतील ते देव जाणे. ते सगळे कपाटात सुखानं झोपत. शाल, नारळ, फोटो, आणि एक प्रत योजनेच्या ऑफिसला, असा रिवाज. ती प्रत कुणी उघडून बघितल्याचं ऐकिवात नव्हतं. माझा अहवाल वाचला गेला. माझ्या आयुष्यात माझं लिखाण एकाच माणसानं मन लावून वाचलं, आणि तो हा शाखा अभियंता. त्याला 'बारमाही स्रोत' हे दोन शब्द दिसले. खालच्या गावाला नळ द्यायचा होता आणि त्याला पाणी सापडत नव्हतं. बिचाऱ्यानं चांगल्या मनानं काम केलं. झिरा खोदून मोठा करायचा, टाकी बांधायची, पाईप खाली न्यायचा. पाडा टाकीच्या वर. त्याला पाणी चढवायला पंप लागतो, म्हणून पाडा दुसऱ्या टप्प्यात.

पल्लवी तिच्या स्वतःच्या अभ्यासासाठी पुन्हा तिकडं गेली होती. उंबराच्या भोवती चुन्याच्या रेघा बघून तिनं सरांना फोन केला. सर त्याच पावली मला घेऊन ऑफिसात गेले, आणि ठिपका खोडण्यावरून जे झालं ते सुरुवातीलाच सांगितलं.

तिथून आम्ही थेट पाड्यावर. जेसीबी आधीच खालून वर येत होता. सरांनी पिशवीतून तो दोर काढला, उंबराला आणि शेजारच्या सादड्याच्या झाडाला गुंडाळला, आणि आत एकटे उभे राहिले. मी बाहेर उभा. आयुष्यभर ज्यांना दोराबाहेर ठेवलं ते सरपंच समोर, मागं हात बांधून, बहुतेक सवयीनं. त्यांना बोलायची गरजच नव्हती. त्यांच्या मागून खालच्या गावच्या बायका आल्या होत्या, रिकामे हंडे घेऊन. एक बाई पुढं आली. सरांच्याच वयाची असेल.

"सर, दोन वर्षांमागं तुम्ही आमच्या गावी आलेले. मला दोराच्या आत घेतलेलं. म्हणलेले, बोल बाई, पाणी कोण भरतं त्यानं बोलायचं."

"हो," सर म्हणाले.

"मग आता मी बोलते. आमची विहीर दोन कोस लांब हाय. माझ्या सुनेचं पाचव्या महिन्यात हंड्यापायी गेलं. आमच्या डोक्यावर हंडा नाय का, सर?"

सरांनी तिच्याकडे बघितलं. मग वर पाड्याकडे, जिथं आजी आणि बाकीच्या बायका उभ्या होत्या, तिकडे बघितलं. मी वाट बघत होतो की आता हा माणूस ओरडेल, सगळा डोंगर हलेल, जेसीबी घरंगळत हरसूलच्या बाजारात जाऊन पडेल. अशा ठिकाणी माझ्या गोष्टींत काहीतरी होतं. त्या दिवशी एवढंच झालं की सरांनी गाठ सोडली. गाठ निरगाठ बसली होती, सुटेना. शेवटी त्या बाईनं दातांनी सोडवून दिली.

जेसीबीनं दगड उचलला, मग खालचा खडक फोडला. पाणी आलं. एवढं आलं की खालच्या गावच्या बायकांनी तिथंच हंडे भरून घेतले, आणि सरपंचांनी नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी गढूळ आलं. तिसऱ्या दिवशी ओल होती. मग तीही गेली. खडकाला कुठंतरी आतून भेग पडली असावी आणि पाण्यानं दुसरी वाट धरली. अभियंता येऊन बघून गेला. "भूगर्भातलं काही सांगता येत नाही," म्हणाला. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. रात्रभर झोपला नव्हता तो. खालच्या गावच्या बायका दोन कोसावरच्या विहिरीला परत लागल्या. नकाशात ठिपका तसाच आहे. मी मध्ये मध्ये उघडून बघतो. निळाच आहे.

सर नंतर एक बॅच शिकवायला उभे राहिले. उभे राहिले एवढंच म्हणायचं. नळ चालू, जिना कोरडा. मिसळीला नेलं नाही. एका मुलीनं विचारलं, "सर, लोकांना बोलतं कसं करायचं?" सर फळ्याकडे तोंड करून म्हणाले, "कशाला?" खालचा औषधांचा दुकानदार वर येऊन मला विचारून गेला, सर आजारी आहेत का, आवाज येत नाही.

आता ते नांदगावला असतात. मी जाऊन आलो. ओसरीत बसतात. समोर रस्ता आहे. एसटीनं उतरलेला कुणी परगावचा माणूस विचारतो, बाजाराकडं कुठून जायचं. जन्म त्याच गावातला, पण सर म्हणतात, माहीत नाही. माणूस पुढं जातो. मी म्हटलं, सर, बाजार तर दिसतोय इथून. ते म्हणाले, त्यालाही दिसेल.

नांदगावला जाण्याआधी ते एकदाच पाड्यावर गेले. मला म्हणाले चल, आणि मी गेलो. मोहाची फुलं वेचून झाली होती, अंगणात वाळत घातली होती. आजी त्यांतला कचरा निवडत बसली होती. तिनं आम्हाला बघितलं, उठली, आत गेली, आणि तांब्याभर पाणी आणून सरांच्या पुढं केलं. काठोकाठ.

सर तो तांब्या हातात धरून उभे राहिले. पिईनात.

"पी," आजी म्हणाली. "तापला हाईस."

सर प्यायले. एक थेंब हनुवटीवरून खाली जायला लागला तो त्यांनी तळहातानं अडवला आणि तोही चाटून घेतला. मग खाली बसले, आजीसमोर, मातीत.

"आजी, त्या दिवशी तुम्ही मला का सांगितलंत?"

"तू चुकीचं काढलं होतंस."

"मी मुद्दाम काढलं होतं," सर म्हणाले. माझ्या समजुतीप्रमाणे ही गोष्ट त्यांनी कुठल्याच गावात, कुठल्याच बाईला आजवर सांगितली नव्हती. "मला माहीत होतं ते चूक आहे. तुम्ही बोलावं म्हणून काढलं."

आजीचे हात थांबले नाहीत. एक काडी उचलून तिनं बाजूला टाकली.

"मला काय ठावं. मला वाटलं, तुला येत नाय."

सर मान खाली घालून बसले. आजी निवडत राहिली. त्यांच्यामध्ये रिकामा तांब्या होता. मी तो उचलला. तळाशी घोटभर राहिलं होतं. थंड होतं आणि नितळ होतं, विहिरीच्या तळाचं असतं तसं नव्हतं. मी काही ठरवून विचारलं नाही. कोर्सची सवय, दुसरं काय. हात खिशातल्या पेनाकडं गेल्याचंसुद्धा मला नंतर कळलं.

"आजी, मग आता पाणी कुठून आणता?"

तिनं आधी पेनाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"लांबून," ती म्हणाली.